पाहुणा, दुभाष्या आणि यजमान : रशियन कथात्म साहित्यातील धर्मप्रसारक भेटींचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

सोव्हिएत राजवटीच्या अखेरच्या पर्वात, १९९० साली, धर्मस्वातंत्र्याला मान्यता देणारे कायदे संमत झाले. त्यानंतर अमेरिका, पश्चिम युरोप, दक्षिण कोरिया येथील ख्रिस्ती मंडळ्यांचे लहानलहान गट रशियाच्या ग्रामीण भागात जाऊ लागले. काही दिवसांचा प्रवास, दोनचार खेड्यांतील प्रार्थनामंदिरांना भेट, काही कुटुंबांच्या घरी चहापान आणि परतल्यावर आपल्या मंडळीपुढे सादर केलेला वृत्तान्त असे या प्रवासांचे सर्वसाधारण स्वरूप होते. वृत्तान्ताचाही एक ठरीव साचा होता. लाकडी घर, खोलीचा बराच भाग व्यापणारी मातीविटांची शेगडी, टेबलावर असेल नसेल ते सारे मांडणारी गृहिणी, नव्या कराराची प्रत हाती पडताच डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपणारी वृद्धा आणि शेवटी वाटलेल्या प्रतींची संख्या. यातील यजमान स्वतःच्या भाषेत बोलत असला तरी वाचकापर्यंत तो दुभाष्याच्या तोंडून पोहोचतो, आणि तो दुभाष्या मात्र एखाद्या वाक्यात येऊन नाहीसा होतो.

१९९७ च्या कायद्याने या हालचालींवर पहिली बंधने आली. जुलै २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने निवासी घरांतील धर्मप्रसाराला मनाई केली. खेड्यातील घर हेच ज्या भेटींचे केंद्र होते त्यांच्या दृष्टीने ही तरतूद निर्णायक ठरली. तथापि, बाहेरून आलेला धर्मप्रसारक आणि त्याला घरात घेणारा माणूस यांच्या नात्याचा प्रश्न कायद्याने निर्माण केलेला नाही. तो जुना आहे आणि एकोणिसाव्या शतकातील रशियन लेखकांनी तो अनेक वृत्तान्तलेखकांपेक्षा अधिक खोलवर हाताळला आहे. प्रस्तुत लेखात निकोलाय लेस्कॉव्ह यांची ‘जगाच्या टोकाशी’ ही दीर्घकथा (१८७५-७६), लिओ टॉलस्टॉय यांची ‘पुनरुत्थान’ ही कादंबरी (१८९९) आणि अंतोन चेकॉव्ह यांची ‘शेतकरी’ ही कथा (१८९७) यांचा या एकाच अंगाने विचार केला आहे. या तिन्ही कृतींना धर्मविरोधी किंवा मिशनविरोधी ठरवून मोकळे होणारी समीक्षा पुष्कळ आढळते. परंतु ‘प्रसारक खोटा आहे काय?’ हा प्रश्न या कृतींत दुय्यम आहे. भेटीमध्ये बोलायला कोणाला मिळते आणि आणलेला शब्द प्रत्यक्षात कोणापर्यंत पोहोचतो, यावर त्यांचा रोख आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न अगदीच अनोळखी नाही. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरी धर्मप्रसाराच्या हेतूने लिहिलेली आणि प्रवासाच्या सूत्रात ओवलेली आहे. तिच्यातील उपदेशाचे परिच्छेद आज निर्जीव वाटतात. वाटेवर भेटणाऱ्या विधवा जिथे आपली हकिगत सांगतात, तिथे मात्र ती कादंबरी अद्याप जिवंत आहे.

पार्श्वभूमी

रशियात धर्मप्रसाराचे दोन प्रवाह स्पष्टपणे वेगळे करावे लागतात. पहिला राज्याच्या पाठिंब्याने चाललेला ऑर्थोडॉक्स चर्चचा. चौदाव्या शतकात कोमी लोकांसाठी स्वतंत्र लिपी घडविणाऱ्या पेर्मच्या संत स्तेफानपासून, स्थानिक भाषेतून शिक्षण देण्याचा आग्रह धरणाऱ्या कझानच्या निकोलाय इल्मिन्स्कीपर्यंत त्याची एक उजळ बाजू आहे. घाऊक बाप्तिस्म्यांची आणि कागदी आकड्यांची दुसरी बाजूही आहे. दुसरा प्रवाह पश्चिमेकडून आलेला. १८१३ मध्ये सुरू झालेली रशियन बायबल सोसायटी १८२६ मध्ये बंद करण्यात आली. संपूर्ण बायबलचा अधिकृत रशियन अनुवाद त्यानंतर पन्नास वर्षांनी, १८७६ साली, प्रसिद्ध झाला. खेड्यातील चर्चमध्ये कानावर पडणारी भाषा जुनी चर्च-स्लाव्हॉनिकच राहिली. ती पवित्र होती; पण सामान्य शेतकऱ्याला ती निम्मीच कळे.

१८७४ साली लॉर्ड रॅडस्टॉक हे इंग्रज उमराव सेंट पीटर्सबर्गला आले आणि सरदारघराण्यांच्या दिवाणखान्यांत फ्रेंचमधून प्रवचने करू लागले. त्यांचे अनुयायी बनलेले वसिली पाश्कॉव्ह यांनी ही शिकवण आपल्या जमिनीवरील शेतकऱ्यांपर्यंत नेली. दिवाणखान्यात जे खपवून घेतले गेले ते खेड्यात पोहोचताच सरकारला धोकादायक वाटले आणि १८८४ मध्ये पाश्कॉव्ह यांना देश सोडावा लागला. याच वर्तुळातील फ्रीडरिख बेडेकर (१८२३-१९०६) यांनी सरकारी परवान्यानिशी रशियातील तुरुंगांतून आणि सैबेरियातून वर्षानुवर्षे नव्या कराराच्या प्रती वाटल्या. (आडनावावरून मराठी वाचकाचा गोंधळ होण्याची शक्यता आहे, हे गृहस्थ जन्माने जर्मन आणि नागरिकत्वाने ब्रिटिश होते.) ऑर्थोडॉक्स चर्च सोडून अन्य पंथात जाण्याची कायदेशीर मुभा १९०५ पर्यंत नव्हती, ही गोष्ट पुढील विवेचनात सतत ध्यानी ठेवावी लागेल.

लेस्कॉव्ह : टोपी तारण ठेवणारा वाटाड्या

लेस्कॉव्ह यांना दोन्ही प्रवाहांची जवळून माहिती होती. रॅडस्टॉक यांच्यावर त्यांनी ‘उच्चभ्रूंतील पंथभेद’ हे टीकात्मक पुस्तक लिहिले. ‘जगाच्या टोकाशी’ ही कथा मात्र ऑर्थोडॉक्स मिशनविषयी आहे. यारोस्लाव्हलचे आर्चबिशप नील यांच्या इर्कुत्स्क येथील आयुष्यातील एका प्रसंगावर ती आधारलेली आहे. कथेचा निवेदक वृद्ध बिशप आहे आणि तो आपल्या तरुणपणीच्या सैबेरियातील सफरीची आठवण सांगतो. नव्या प्रांतात दाखल झालेल्या या उत्साही बिशपला बाप्तिस्म्यांची संख्या वाढवायची आहे. स्थानिकांची भाषा जाणणारा फादर किरियाक हा वृद्ध मठवासी मात्र बाप्तिस्मा देण्याची घाई करायला तयार नाही. बिशपला तो आळशी वाटतो, काहीसा पाखंडीही वाटतो.

दोघे घसरगाड्यांतून प्रवासाला निघतात. किरियाकच्या गाडीचा वाटाड्या बाप्तिस्मा घेतलेला, बिशपचा न घेतलेला. या मूळ निवासी वाटाड्याशी बिशपचे जे संभाषण होते ते कथेचे मर्मस्थान आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसावर आमचे लोक विश्वास ठेवत नाहीत, असे तो सांगतो. कारण अगदी व्यवहारातले आहे. त्याने चोरी केली तर धर्मगुरू त्याला क्षमा करतो; मग ज्याचे नुकसान झाले त्याने काय करायचे? बिशपला हे उत्तर अडाणीपणाचे वाटते. परंतु क्षमेच्या तत्त्वावर एवढा नेमका आक्षेप त्याच्या धर्मशास्त्राच्या शिक्षणात त्याला क्वचितच ऐकायला मिळाला असेल. पुढे हिमवादळ येते आणि दोन्ही गाड्यांची ताटातूट होते. किरियाकचा बाप्तिस्मा घेतलेला वाटाड्या त्याच्याजवळचा पवित्र प्रसाद खाऊन त्याला बर्फात सोडून जातो. क्षमा मिळेलच याची त्याला खात्री आहे. बिशपचा वाटाड्याही एके दिवशी निघून जातो. उपाशी बिशप मनाशी ठरवून टाकतो की हाही पळाला. मात्र तो परततो, तेही अस्वलाचे मांस घेऊन आणि उघड्या डोक्याने. ज्या तंबूतून त्याने मांस घेतले तिथे मालक नव्हता. म्हणून मालकाचा गैरसमज होऊ नये यासाठी आपली टोपी त्याने तारण ठेवली. पळून का गेला नाहीस, या प्रश्नावर तो वरून पाहणाऱ्या धन्याचा उल्लेख करतो.

सैबेरियाच्या थंडीत टोपी काढून ठेवणे म्हणजे काय, हे लेस्कॉव्ह वेगळे सांगत बसत नाहीत. येथे धर्मप्रसारक पाहुणा अक्षरशः यजमानाच्या अन्नावर जगतो. उपदेश करणारा आणि ऐकणारा यांच्या जागा बदलतात, आणि हा बदल कोणत्याही वादविवादाने न होता भुकेने घडवून आणला आहे. या वाटाड्याला बाप्तिस्मा देण्याचा विचार बिशप सोडून देतो. म्हणजे मिशनच्या यशाचा जो एकमेव हिशेब कागदावर मांडता आला असता, तोही तो मांडत नाही.

कथेचे हे मोठेपण मान्य करूनही एक त्रुटी नोंदवावी लागते. वाटाड्या शेवटपर्यंत बिशपच्या शिक्षणासाठीच वावरतो. प्रारंभी बिशपला त्याच्या चेहऱ्यावर कसलाच भाव दिसत नाही. शेवटी त्याला तो देवाच्या राज्याच्या निकट असलेला दिसतो. दोन्ही वेळा पाहणारे डोळे बिशपचेच आहेत. वाटाड्याची लबाडी, कंटाळा, एखादा क्षुद्र हिशेब असे काहीच कथेत नाही. चोर ठरविलेला वाटाड्या आणि संत ठरविलेला वाटाड्या अशी जोडी लेखकाने जुळवली आहे, आणि ती फारच नीट जुळली आहे. मिशनच्या वृत्तान्तातील ‘भोळा, भाविक ग्रामस्थ’ आणि लेस्कॉव्ह यांचा ‘निर्मळ मूर्तिपूजक’ यांत वाटते तितके अंतर नाही.

टॉलस्टॉय : दुभाष्याच्या खिशातील पुस्तक

‘पुनरुत्थान’ १८९९ मध्ये ‘नीवा’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे उत्पन्न दुखोबोर पंथाच्या शेतकऱ्यांना कॅनडात स्थलांतर करता यावे यासाठी देण्यात आले. म्हणजे धार्मिक कारणासाठी छळ सोसणारी ग्रामीण कुटुंबे या कादंबरीच्या प्रकाशनाशीच जोडलेली आहेत. तुरुंगातील चर्चविधीचे वर्णन करणारी तिची प्रकरणे तत्कालीन सेन्सॉरने गाळली आणि १९०१ मध्ये चर्चने टॉलस्टॉय यांना बहिष्कृत ठरविले. या गदारोळात कादंबरीतील दोन धर्मप्रसारकांकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

पहिला कीझेवेटर. सेंट पीटर्सबर्गमध्ये नेखल्यूदॉवच्या मावशीच्या घरी तो प्रवचन करतो. तो इंग्रजीतून बोलतो, एक सडपातळ तरुणी त्याचे भराभर भाषांतर करते आणि पापाच्या वर्णनाने श्रोत्यांचे हुंदके सुरू होतात. या पात्रामागे बेडेकर असल्याचे अभ्यासक मानतात. टॉलस्टॉय यांनी त्याचे जवळजवळ विडंबनच केले आहे. परंतु विडंबनापेक्षा त्याची जागा अधिक अर्थपूर्ण आहे. पीटर्सबर्गच्या याच प्रकरणांत नेखल्यूदॉव काही पंथीय शेतकऱ्यांचा अर्ज घेऊन हिंडत असतो. शुभवर्तमान वाचण्यासाठी ते एकत्र जमत, आपल्या बुद्धीप्रमाणे त्याचा अर्थ लावत. एवढ्यासाठी त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली आहे. नवरा एकीकडे, बायकामुले दुसरीकडे अशी कुटुंबांची फाटाफूट झाली आहे. एकच पुस्तक दिवाणखान्यात गहिवर आणते आणि शेतकऱ्याच्या घरात गुन्हा ठरते. वर उल्लेखिलेल्या पाश्कॉव्ह प्रकरणाचा इतिहास येथे कथारूप घेतो. पोबेदोनोस्त्सेव्ह यांचे व्यंगचित्र म्हणून ओळखला जाणारा तोपोरॉव हा अधिकारी शेवटी शिक्षा रद्द करतो. न्यायाची चाड मात्र त्याला नाही. प्रकरण सम्राटापर्यंत जाईल ही भीती त्यामागे आहे.

दुसरा प्रसारक तिसऱ्या भागाच्या अखेरीस येतो. त्याला नाव नाही. ‘इंग्रज’ एवढीच त्याची ओळख. तो सैबेरियातील तुरुंगांचे वर्णन लिहिण्यासाठी प्रवास करतो आणि त्याचबरोबर श्रद्धेने होणाऱ्या तारणाचा उपदेशही करतो. लिहिणे आणि वाचवणे ही दोन्ही कामे एकाच भेटीत उरकण्याची ही सवय पुढच्या मिशनवृत्तान्तांतही टिकून राहिलेली दिसते. त्याचा दुभाष्या होतो नेखल्यूदॉव. याच तुरुंगभेटीत कात्यूशाने त्याला कायमचे दूर केले आहे. मन अन्यत्र असताना तो परक्या माणसाची वाक्ये यंत्रवत पोहोचवत राहतो. एका कोठडीत नुकतीच मारामारी झालेली असते. इंग्रज दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण सांगतो. कैद्यांतून प्रश्न येतो, त्या गालावरही बसली तर? हशा पिकतो, मार खाल्लेला कैदीही हसतो. भटका पंथीय म्हातारा तेथे सत्ताधाऱ्यांविरुद्ध बोलू लागतो तेव्हा इंग्रज त्याला वेडा ठरवून पुढे निघतो. प्रती मात्र वाटल्या जातात.

हा प्रसंग केवळ उपरोध म्हणून वाचला तर पुढचे प्रकरण कळत नाही. रात्री खोलीवर परतलेला नेखल्यूदॉव इंग्रजाने आठवण म्हणून दिलेली शुभवर्तमानाची प्रत सहज उघडतो आणि वाचू लागतो. कादंबरीचा शेवट या वाचनाने होतो. ज्यांच्यासाठी पुस्तक हजारो मैल आणले त्यांनी ते पुढे वाचले की नाही, हे कादंबरी सांगत नाही. ज्याला ते ऐकणाऱ्यांत धरलेच नव्हते, तो मधला माणूस ते वाचतो. आणि दिवसभर स्वतःच्या तोंडाने उच्चारलेल्या वाक्यांचा अर्थ त्याला एकांतात लागतो. म्हणजे इंग्रजाची भेट सपशेल वाया गेली असेही म्हणता येत नाही. तिचे फळ त्याला अपेक्षित नव्हते तेथे लागले, आणि त्याच्या अहवालात ते कधीच येणार नाही.

तरीही टॉलस्टॉय या इंग्रजावर अन्याय करतात असे म्हणणे भाग आहे. सैबेरियाचा प्रवास सोसून तुरुंगाच्या दुर्गंधीत शिरणाऱ्या माणसाचा थकवा, संकोच, किंवा एखाद्या कैद्यापुढे अडखळलेले वाक्य टॉलस्टॉय यांनी त्याला दिलेले नाही. कैद्यांना हसण्याचा अधिकार मिळाला, पाहुण्याला अडखळण्याचा मिळाला नाही. लेस्कॉव्ह यांनी यजमानाला गुळगुळीत केले, टॉलस्टॉय यांनी पाहुण्याला.

चेकॉव्ह : घरातलीच पाहुणी

‘शेतकरी’ ही कथा या मालिकेत वरवर पाहता बसत नाही, कारण तिच्यात मिशनरी नाही. परंतु बाहेरून आलेली व्यक्ती, शुभवर्तमानाचे पुस्तक आणि खेड्यातील कुटुंब हे तिन्ही घटक येथे आहेत, आणि ते अन्य दोन्ही कृतींपेक्षा अधिक दाटपणे आहेत. मॉस्कोतील ‘स्लाव्ह्यान्स्की बझार’ या हॉटेलात वाढप्याचे काम करणारा निकोलाय चिकिल्देयेव आजारी पडून बायको ओल्गा आणि मुलगी साशा यांच्यासह आपल्या झुकोवो गावी परततो. घर काळवंडलेले, माशांनी भरलेले. खाणारी तोंडे आधीच जास्त. त्यांत ही तीन.

ओल्गा भाविक आहे. ती आणि साशा शुभवर्तमान वाचून दाखवतात. त्यातले अनेक शब्द ओल्गाला कळत नाहीत आणि न कळणाऱ्या जुन्या शब्दांपाशीच तिचे डोळे भरून येतात. नगरवासी वाचकाला येथे हसू येण्याचा संभव आहे. चेकॉव्ह हसत नाहीत. अर्थ न कळता शब्दाने हलून जाणे ही अंधश्रद्धा आहे की श्रद्धेचेच एक रूप, याचा निवाडा ते करत नाहीत. ज्यांच्या कानांवर लहानपणापासून संस्कृत स्तोत्रे पडली आहेत त्यांना हा अनुभव समजावून देण्याची गरज नाही.

चेकॉव्ह यांनी टिपलेला एक तपशील या संपूर्ण चर्चेत अनन्य आहे. झुकोवोतील लोकांना धर्मग्रंथाविषयी कोवळे प्रेम आहे. पण घरात पुस्तके नाहीत, वाचून समजावणारे कोणी नाही. ओल्गा कधीमधी शुभवर्तमान वाचते म्हणून गावातील सारे तिला आणि साशालासुद्धा ‘तुम्ही’ म्हणतात. रशियन भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद आहे. इंग्रजी भाषांतरात तो नाहीसा होतो आणि त्याबरोबर वाक्याचा प्राणच जातो. मराठीत तो पूर्ण उतरू शकतो. जिथे सासू सुनेला शिव्या देते, नवरा बायकोला मारतो, तिथे एका पोरसवदा मुलीला अहो-जाहो केले जाते. आदर पुस्तकाचा आहे, वाचणारीला तो पुस्तकाच्या सावलीत मिळाला आहे. मात्र या आदराने घरातील एक भाकरीसुद्धा वाढत नाही. पाहुण्याला मिळणाऱ्या मानाची किंमत आणि मर्यादा एवढ्या थोडक्यात अन्य कोणी दाखविलेली नाही.

गावात प्रत्यक्ष धर्मयात्राही येते. ऑगस्टमध्ये पवित्र प्रतिमेची मिरवणूक झुकोवोत पोहोचते तेव्हा सारे गाव धूळ तुडवीत पुढे धावते, रडते, हात पसरते. आकाश आणि पृथ्वी यांच्यामध्ये सारेच रिकामे नाही, श्रीमंतांनी सगळेच बळकावलेले नाही, असे काही क्षण सर्वांना वाटते. प्रार्थना संपते, प्रतिमा पुढच्या गावी जाते, आणि गुत्त्यातून पुन्हा आवाज येऊ लागतात. त्याआधीच्याच प्रकरणात थकलेल्या करापोटी गावप्रमुखाने याच घरातला सामोवार उचलून नेला आहे. चेकॉव्ह या दोन घटनांची तुलना करत नाहीत. शेजारी ठेवून देतात. टेबलावरील वाफाळता सामोवार हे पाहुण्यांच्या वृत्तान्तांतील लाडके चित्र आहे. तो घरातून कसा जातो आणि गेल्यावर घर कसे दिसते हे पाहायला पाहुणा तेथे राहिलेला नसतो. ओल्गा राहते. ती हिवाळाभर राहते, हेच तिचे वेगळेपण.

ओल्गाला दुभाष्या लागत नाही, तिला कोणाचे मन वळवायचे नाही, तिच्याजवळ नोंदवही नाही. म्हणूनच चेकॉव्ह यांना दोन्ही बाजूंना न्याय देणे शक्य झाले. झुकोवोचे लोक निर्मळही नाहीत आणि केवळ पशूही नाहीत. आणि ओल्गाची भक्ती खरी असूनही तिच्यामुळे कोणाची दारू सुटत नाही, कोणाचा मार थांबत नाही. कथा शेतकऱ्यांविषयी निष्ठुर आहे असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो घेणाऱ्यांनी ओल्गाचा अखेरचा विचार नीट वाचलेला दिसत नाही. गाव सोडताना तिला या लोकांचा ओंगळपणा, भांडखोरपणा, अप्रामाणिकपणा सारे आठवते. आणि त्याच ओघात त्यांचे कष्ट, उपासमार, मदतीला कोणी नसणे हेही आठवते. तिला त्यांची कणव येते आणि ती मागे वळून झोपड्यांकडे पाहत राहते.

निकोलाय हिवाळ्यातच वारलेला आहे. उन्हे तापू लागतात, तोपर्यंत मायलेकी एका मोठ्या गावात पोहोचतात. सर्वांत नव्या आणि नीटस दिसणाऱ्या घराच्या उघड्या खिडक्यांसमोर ओल्गा थांबते, वाकते आणि बारीक गात्या आवाजात ख्रिस्ताच्या नावाने भिक्षा मागते. साशा तिच्यामागून तेच शब्द म्हणते.